‘सांबारवडी’ची ‘सांबाखडी’ होऊ नये म्हणून: जाड, खेळकर अक्षरं पाटीवर वापरताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात नाश्त्याचं छोटं दुकान सुरू होतंय. पाटी १० फूट बाय ३ फूट. वर मोठ्या अक्षरांत ‘तर्री-पोहे’ आणि खाली ‘सांबारवडी, संत्रा बर्फी, वऱ्हाडी ठेचा’. रस्त्यापलीकडून, म्हणजे साधारण ६० फुटांवरून, नाव वाचता यायला हवं. हाताने काढल्यासारखा एक जाड, गुबगुबीत फॉन्ट घेतला. कॉम्प्युटरवर तो झकास दिसला, पण नमुन्याचा फ्लेक्स छापून टांगला तर ‘तर्री’च्या डोक्यावर नुसता डाग, ‘सांबारवडी’ लोक अडखळत वाचतात आणि ‘वऱ्हाडी’ भलताच उमटलाय. मग फॉन्ट बदलावा, स्वतःचा करून घ्यावा, की आहे तोच थोडा बारीक करावा? आणि मेनूकार्डालाही तोच चालेल का?

फॉन्ट बारीक करून हे सुटणार नाही, आणि नुसता बदलूनही सुटेल याची खात्री नाही. जाड अक्षर वाचलं जातं ते त्याच्या आतल्या आणि भोवतालच्या पांढऱ्या जागेवरून. रेषा जाड होत जाते तशी ही जागा आकसते, आणि देवनागरीत ती मुळातच कमी असते. वर शिरोरेषा, मध्ये गाठी आणि पोटं, डोक्यावर मात्रा, वेलांट्या, रफार. रोमन लिपीतलं जाड अक्षर फुगायला मोकळं असतं, आपलं अक्षर वरून बांधलेलं असतं. म्हणून अशा अक्षरांत आधी पोकळ्या सांभाळायच्या आणि उरलेल्या जागेत मजा करायची. उलट केलं की तुमच्या फ्लेक्सवर झालं तेच होतं.

तुमचाच शब्द घेऊ. ‘सांबारवडी’त ‘ब’ आहे, ‘व’ आहे आणि ‘र’ला लागून ‘व’ आलाय. ‘ब’ आणि ‘व’ यांत फरक फक्त पोटातल्या तिरक्या रेघेचा. रेषा जाड केली की ही रेघ आणि पोटाची कड एकमेकांत मिसळतात, आणि ‘ब’ म्हणजे भरलेला ‘व’ होऊन बसतो. उपाय असा: पोटातली रेघ बाकीच्या रेषेच्या निम्म्या जाडीची ठेवायची आणि तिच्या दोन्ही बाजूंना पांढरं दिसेल इतकं पोट रुंद करायचं. पोट थोडं बेढब दिसलं तरी चालेल. खेळकर अक्षरात ते खपतं, किंबहुना शोभतं.

दुसरा सापळा जास्त वाईट आहे. ‘र’ आणि ‘व’ अगदी चिकटले की डोळा त्यांचा ‘ख’ करतो, आणि ‘सांबारवडी’ची ‘सांबाखडी’ होते. नागपूरकर संदर्भाने ओळखेल. पण कोथिंबिरीला इथे सांबार म्हणतात हे ज्याला माहीत नाही, त्याला ओळखायला काही आधारच नाही. इथे बहुतेक जण अक्षरांमधलं अंतर वाढवायची सोय वापरतात आणि शिरोरेषा तुटते. योग्य रीत अशी: मजकूर आधी आकारांत बदलून घ्या (म्हणजे टाइप केलेली अक्षरं चित्रासारखी सुटी हलवता येतील अशी करा), ‘वडी’ तेवढी रेषेच्या जाडीच्या पावपट ते एक तृतीयांश उजवीकडे सरकवा, आणि मध्ये तुटलेली शिरोरेषा ओढून जोडा. सोबत ‘र’ची शेपटी खाली डावीकडेच आखडती घ्या, ‘व’च्या पोटाखाली जाऊ देऊ नका. ‘ख’मध्ये हे दोन भाग तळाशी जुळतात. तुमच्या ‘रव’मध्ये तळाशी स्पष्ट फट दिसली की घोटाळा मिटला.

आता ‘तर्री’. हा शब्द जाड अक्षरांची परीक्षाच आहे, कारण ‘री’ची दीर्घ वेलांटी आणि रफार दोन्ही एकाच ठिकाणी, शिरोरेषेच्या वर उजव्या टोकाला येतात. ‘बर्फी’तही तेच. चांगल्या फॉन्टमध्ये वेलांटी आणि रफार यांची जोडगोळी स्वतंत्र काढलेली असते. साध्या फॉन्टमध्ये एकावर एक ठेवून दिलेली असते, आणि दोन जाड वळणं मिळून तो डाग तयार होतो. हाताने दुरुस्त करायचं तर रफाराची जाडी मूळ रेषेच्या ६० ते ७० टक्के करा, तो थोडा उजवीकडे झुकवा, आणि त्याचं खालचं टोक वेलांटीच्या दंडावर नीट टेकवा. वेलांटीची कमान आणि रफाराची वाटी यांच्यात पांढरी फट राहिलीच पाहिजे. जागा पुरत नसेल तर वेलांटीची कमान डावीकडे लांब आणि चपटी करा, रफार मात्र खुजा करू नका. नाहीतर घाईत वाचणाऱ्याला ‘तरी’ दिसेल, आणि तर्रीशिवाय ते पोहे कसले!

‘सां’वरचा अनुस्वारही याच हिशेबात येतो. ठिपका रेषेच्या जाडीपेक्षा किंचित मोठा ठेवा आणि शिरोरेषेपासून किमान पाव जाडी वर. चिकटलेला अनुस्वार लांबून फुगवटा वाटतो.

‘वऱ्हाडी’ बिघडला तो जाडीमुळे नाही. ‘वऱ्हाडी’, ‘दुसऱ्या’, ‘पुऱ्या’ यांत जो आडवा, पापणीसारखा ‘र’ येतो तो मराठीत नेहमी लागतो, हिंदीत लागत नाही. हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या सजावटी फॉन्टमध्ये तो कित्येकदा नसतो, आणि मग ‘ह’च्या डोक्यावर रफार बसतो किंवा पाय मोडलेला ‘र’ दिसतो. आधी टंकन तपासा. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट-जे दाबून ‘ऱ’, मग हलन्त, मग ‘ह’. एवढं करूनही आला नाही तर तो फॉन्ट मराठीसाठी अपुरा आहे, त्यावर वेळ घालवू नका. ‘ल’ आणि ‘श’ही बघा. आपला ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा. राज्य शासनाच्या १० नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयातही हीच रूपं आहेत. पुष्कळ फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात, पण मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडल्याशिवाय आपलं रूप समोर येत नाही.

कोणताही खेळकर फॉन्ट घेण्याआधी पाच-सहा शब्द टाइप करून बघावेत: तर्री, वऱ्हाडी, सांबारवडी, हिरवी मिरची, गोळाभात, झणझणीत. ‘मिरची’त ऱ्हस्व वेलांटीची कमान ‘म’च्या दंडापर्यंत पोचते का ते दिसतं. हलक्या फॉन्टमध्ये एकच वेलांटी सगळ्या अक्षरांना लावलेली असते आणि रुंद अक्षरावर ती अर्ध्यातच थांबते. ‘झणझणीत’मध्ये ‘झ’ आणि ‘ण’ दोनदा येतात. हाताने काढलेल्या शब्दात दोन ‘झ’ कधीच तंतोतंत सारखे नसतात. फॉन्टमध्ये असतात, आणि हाताचा आव तिथेच उघडा पडतो. काही फॉन्टमध्ये पर्यायी रूपं दिलेली असतात. नसतील तर आकारांत बदलल्यावर दुसऱ्या ‘झ’ची शेपटी थोडी लांबवा, ‘ण’चा एखादा दंड दोन-तीन टक्के आखूड करा. इतकं पुरतं.

‘गोळाभात’ शिरोरेषेसाठी. खेळकर दिसावं म्हणून बरेच जण शिरोरेषा काढूनच टाकतात. ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ यांच्यातला मोठा फरक म्हणजे ‘भ’ आणि ‘ध’ची शिरोरेषा डावीकडे तुटलेली असते. ती गेली की सगळा भार डोक्याजवळच्या छोट्या गाठीवर येतो, आणि जाड अक्षरात ती गाठ बुजते. ‘गोळाभात’ ‘गोळामात’ होतो, ‘धरमपेठ’ ‘घरमपेठ’. शिरोरेषा काढायचीच असेल तर ‘भ’ आणि ‘ध’ची गाठ मुद्दाम मोठी, आत ठिपक्याएवढी तरी पोकळी ठेवून काढावी लागते.

अक्षरं नाचवण्याबद्दलही इथेच सांगायला हवं. रोमन अक्षरं जमिनीवर उभी असतात, ती वरखाली केली की उड्या मारल्यासारखी दिसतात. आपली अक्षरं दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी शिरोरेषेला टांगलेली असतात. प्रत्येक अक्षर वेगळं तिरकं केलं तर दोरीचे तुकडे होतात. म्हणून नाच खाली करायचा. शिरोरेषा एकसंध ठेवा, हवं तर तिला हलकी लहर द्या, आणि ‘त’, ‘प’ यांचे दंड कमी-जास्त लांब सोडा. ‘र’ची शेपटी, ‘ह’चं खालचं वळण, ‘ड’चं टोक, मात्रेचा झेंडा या मोकळ्या जागा आहेत, खट्याळपणा तिथे भरावा. गाठी आणि पोटं यांना हात लावू नये. नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीत बडग्यांवरच्या, म्हणजे त्यातल्या पुतळ्यांवरच्या, हाताने रंगवलेल्या पाट्या नीट बघा. गर्दीत, हलत्या पाटीवर ओळ वाचली जाते, कारण शब्द मोजके असतात आणि प्रत्येक अक्षराला श्वास घ्यायला जागा असते.

आता मापं. पाट्यांच्या कामात चालणारा हिशेब असा की साध्या ठळक अक्षराला दर १० फूट अंतरामागे १ इंच उंची. मराठीत ही उंची शिरोरेषेपासून दंडाच्या तळापर्यंत मोजायची, मात्रा धरून नाही. खेळकर जाड अक्षराला मी दुप्पट सुचवेन. म्हणजे ६० फुटांसाठी १२ इंच. तुमची पाटी ३६ इंच उंच. वर-खाली चार-चार इंच मोकळे सोडले की २८ उरतात. नावाची अक्षरं १४ इंचांची, त्यांच्या डोक्यावर मात्रा-रफारासाठी ६ इंच, मध्ये अडीच इंच मोकळी जागा, खालच्या ओळीची अक्षरं ४ इंचांची आणि त्यांच्या मात्रांना दीड इंच. बरोबर २८. ‘तर्री-पोहे’मध्ये उकार नाही म्हणून हे जमतं. नावात ‘कुरकुरीत’सारखा शब्द असता तर खाली आणखी चार-पाच इंच द्यावे लागले असते आणि अक्षर लहान झालं असतं. खालची ४ इंचांची ओळ खेळकर अक्षरांत नको, साध्या ठळक अक्षरांत घ्या. ती ४० फुटांपर्यंत आरामात वाचता येईल, त्यापुढे नाव पुरेसं आहे.

रेषेची जाडी किती? १४ इंच म्हणजे साधारण ३५५ मिलिमीटर. त्याच्या चौथ्या हिश्शाची, म्हणजे ९० मिलिमीटर जाडी भरपूर ठसठशीत दिसते. तिसऱ्या हिश्शाच्या पुढे गेलात की पोकळ्या फटींएवढ्या उरतात. आणि ६० फुटांवरून निरोगी डोळ्यालाही सुमारे ५ मिलिमीटरपेक्षा बारीक फट वेगळी दिसत नाही. धूळ, ऊन, चालती स्कूटर हे धरून तिप्पट घ्या. नावात कुठलीही पोकळी १५ मिलिमीटरपेक्षा अरुंद नको.

हे सगळं छापण्याआधी फुकटात तपासता येतं. पाटीची रचना बाराव्या हिश्शावर आणा: १० इंच बाय ३ इंच, आडव्या ए-फोर कागदावर मावते. प्रिंट काढून भिंतीला लावा आणि ५ फुटांवर उभे राहा. तुमचे ६० फूट ते हेच. कागदावर सव्वा मिलिमीटरपेक्षा अरुंद पोकळी दिसली तर ती पाटीवर बुजणार. डोळे किलकिले करून बघा, आणि ज्याला दुकानाचं नाव माहीत नाही अशा माणसाला वाचायला सांगा. घरच्यांना विचारून उपयोग नाही, त्यांना नाव पाठ असतं.

पाटी कशाची करणार यावरही बरंच अवलंबून आहे. फ्लेक्सवर बारीक फटीही छापल्या जातात, पण नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि स्वस्त शाईतले लाल-पिवळे रंग निळ्या-काळ्यांच्या आधी उडतात. पिवळ्यावर लाल अक्षरं असतील तर दोन्ही फिके होऊन फरकच उरत नाही. मग आतल्या फटी सगळ्यात आधी जातात. अक्षरं गडद रंगात ठेवा, पार्श्वभूमी फिकी. अॅक्रिलिक किंवा एसीपी (अॅल्युमिनियमचा थर दिलेल्या) शीटची कापलेली अक्षरं करणार असाल तर राउटरच्या, म्हणजे कापणाऱ्या यंत्राच्या, पात्याची जाडी विचारून घ्या. पातं ३ मिलिमीटरचं असेल तर त्याहून अरुंद फट कापलीच जात नाही आणि आतला प्रत्येक कोपरा दीड मिलिमीटर त्रिज्येने गोल होतो. तुमच्या १४ इंची अक्षरांना त्याचा त्रास नाही, खालच्या ४ इंची ओळीला होऊ शकतो. आतून दिवे लावलेली पाटी असेल तर रात्री उजेड कडांबाहेर सांडतो आणि अक्षर दिवसापेक्षा जाड दिसतं. तिथे पोकळ्या आणखी तिसऱ्या हिश्श्याने वाढवा.

बजेटमध्ये बसत असेल तर पेंटरकडून पत्र्यावर इनॅमलने रंगवून घ्या, माझा कल तिकडेच आहे. कागदावर पूर्ण आकाराची रचना काढायची, रेषांवर टाचणीने जवळजवळ भोकं पाडायची, कागद पत्र्यावर चिकटवून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावर थोपटायची. ठिपक्यांची आकृती उमटते आणि पेंटर ती भरतो. त्याला शिरोरेषा आधी आणि पोकळ्यांच्या कडा नंतर रंगवू द्या, आतली भर शेवटी. घाईत आधी भर घातली की पोकळी दरवेळी थोडी कमीच होते.

फॉन्टच निवडायचा असेल तर सहज मिळणारे तीन सांगेन. तिन्ही ओपन फॉन्ट लायसन्सवर आहेत, म्हणजे दुकानाच्या पाटीला, डब्याला, टी-शर्टाला पैसे न देता वापरता येतात. फक्त फॉन्टची फाइल सुटी विकता येत नाही. ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा ‘बलू २’ जाड, गोलसर आणि हसरा आहे. त्यात ४०० ते ८०० वजनं, म्हणजे रेषेच्या जाडीच्या पायऱ्या, मिळतात, म्हणून नाव आणि उपशीर्षक एकाच घरातून घेता येतं. तुमच्या कामाला माझी पहिली पसंती तोच, ८०० वजनात. त्यांचाच ‘मोदक’ नावाप्रमाणे टम्म फुगलेला आहे, पोकळ्या जवळजवळ रेघांएवढ्या. तो दोन-तीन अक्षरांच्या शब्दाला, तान्ह्या पोळ्याच्या पोस्टरवर मुलांसाठी ‘नंदी’ एवढंच मोठं लिहायला फार गोड दिसतो. पण तुमच्या ६० फुटांसाठी नको, आणि छापील कागदावरही ३६ पॉइंटच्या खाली नको. ‘यात्रा वन’ मुंबईच्या लोकल रेल्वेच्या पाट्यांवरून सुचलेला आहे. त्यात ब्रशचा काप दिसतो. तो कमी खेळकर आहे, पण जुन्या रंगवलेल्या पाटीची आठवण हवी असेल तर सुरेख बसतो. फक्त वैयक्तिक वापरासाठी मोफत असं लिहिलेला फॉन्ट दुकानाला लावू नका.

स्वतःचा फॉन्ट करून घ्यावा का? एका पाटीसाठी नको. मराठी नीट लिहिणाऱ्या फॉन्टला मूळ अक्षरं, अर्धी रूपं, जोडाक्षरं, वेगवेगळ्या रुंदीच्या वेलांट्या मिळून काही शे आकार काढावे लागतात, आणि ते एकमेकांशेजारी बसवायला त्याहून जास्त वेळ जातो. तुम्हाला खरं तर चार अक्षरं हवी आहेत: त, र्री, पो, हे. ती अक्षरलेखन करणाऱ्याकडून खास काढून घ्या. फॉन्टपेक्षा खर्च कितीतरी कमी, आणि शब्द फक्त तुमचा राहतो. पुढे तीन-चार शाखा झाल्या, दर आठवड्याला नवे फलक, पाकिटं, पोस्ट लागू लागल्या, तर मग त्या चार अक्षरांच्या वळणावरून फॉन्ट वाढवण्यात अर्थ आहे.

मेनूकार्डाला हा फॉन्ट नको. विभागांची शीर्षकं ‘बलू २’मध्ये चालतील, पदार्थ, घटक आणि किमती ‘मुक्ता’सारख्या साध्या फॉन्टमध्ये, ११-१२ पॉइंटच्या खाली न जाता. बर्फीच्या डब्यावरचा वजन-तारखेचा मजकूरही साध्यातच. पाटीवर इंग्रजी नाव टाकणार असाल तर एवढं लक्षात ठेवा की राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार देवनागरीतलं मराठी नाव लागतंच आणि दुसऱ्या लिपीची अक्षरं त्यापेक्षा मोठी चालत नाहीत.

शेवटी फाइल. रचना इलस्ट्रेटर या प्रोग्राममध्ये करत असाल आणि परिच्छेदाच्या पर्यायांत वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडलेला नसेल तर वेलांट्या आणि रफार जागा सोडतात, तेव्हा ते आधी बघा. इंकस्केपमध्ये हा प्रश्न येत नाही. बऱ्याच छपाईवाल्यांकडे अजून श्री-लिपीसारख्या जुन्या पद्धतीचे फॉन्ट असतात आणि तुमचा युनिकोड मजकूर तिथे उघडला की बदलतो, म्हणून सगळं आकारांत बदलूनच द्या. आकारांत बदलल्यावर शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकांवर चढलेल्या असतात. छपाईत ते दिसत नाही, पण व्हिनाइल कापणारं यंत्र प्रत्येक चढावावर चीर देतं, आणि अक्षराला बाहेरून कड दिली तर मधोमध रेघा उमटतात. म्हणून शब्दातले सगळे आकार एकत्र करा. कोरलमध्ये त्याला वेल्ड म्हणतात, इलस्ट्रेटरमध्ये युनाइट. एकत्र केल्यावर ‘ब’चं पोट आणि ‘र्री’च्या डोक्यावरची फट जागेवर आहे का ते मोठं करून पुन्हा एकदा बघा, आणि मगच पीडीएफ पाठवा.